तिसऱ्या पानावरची पांढरी पट्टी

बाईंनी अकरा वर्षं स्टेजवर पियानो वाजवला आणि एकतीस वर्षं घरात शिकवला. स्टेज का सोडलं असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, "मी सोडलं नाही, त्यांनीही काढलं नाही. पत्रं यायची ती कमी झाली." एका वर्षी बावीस निमंत्रणं आली, पुढच्या वर्षी नऊ, त्याच्या पुढच्या वर्षी तीन, आणि त्यानंतर एका सभागृहाने नुसतंच भिंतीवर लावायचं कॅलेंडर पाठवलं. बाईंनी ते वर्षभर लावलं. वर्ष संपल्यावर उतरवलं आणि दारावर पाटी ठोकली: पियानो शिकवला जाईल. त्याखाली धाकट्या बहिणीने बारीक अक्षरात भर घातली: बेल एकदाच वाजवावी.

धाकटीबद्दल आताच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ती सांगायला वेळ देणार नाही. ती एका छापखान्यात मुद्रितशोधक होती. छापण्याआधी मजकुरातल्या चुका काढायच्या, हे काम तिने तीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावर फुकटात चालू ठेवलं. औषधाच्या बाटल्या, बसची तिकिटं, कोणाच्या नातवाच्या बारशाचं कार्ड, काही सुटत नसे. एकदा दुखवट्याच्या पत्रात तिने दोन चुका काढल्या होत्या, आणि त्या घरच्यांना कळवल्याही होत्या. दोघी बहिणी एकाच घरात राहत. एक सूर दुरुस्त करी, दुसरी अक्षरं, आणि एकमेकींच्या कामात नाक खुपसायचं नाही असा अलिखित करार होता. लिहिलेला असता तर धाकटीने त्यातही चूक काढली असती.

तर, बाईंची अकरा वर्षं वाया गेली असं मात्र म्हणता येत नव्हतं, कारण त्यांतून एक सूर उरला होता.

चार पानांची एक संथ रचना होती. लिहिणारा दीडशे वर्षांपूर्वी वारलेला, त्यामुळे कुठल्याही वादकाबद्दल त्याची तक्रार नव्हती. तिसऱ्या पानाच्या शेवटी उजवा हात थांबतो, आणि डाव्या हाताची करंगळी पार खालच्या सप्तकात जाऊन एक पांढरी पट्टी दाबते. एवढंच. पण बाई ती पट्टी दाबत तेव्हा सभागृहातली माणसं गळ्याशी कपडे आवळून घेत. एका समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिलं होतं की बंद खोलीत कोणीतरी न विचारता खिडकी उघडावी, तसा तो सूर आला. ते कात्रण धाकटीने फ्रेम करून पियानोच्या वर लावलं होतं. लावण्याआधी त्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता.

शिष्यांमध्ये त्या सुराला 'बाईंची जागा' म्हणत. दोनशेच्या वर मुलं बाईंच्या हाताखालून गेली. त्यांतली बरीचशी पुढे डॉक्टर, दुकानदार, बँकेतले साहेब वगैरे होऊन सुधारली. काही बिचारी संगीतातच राहिली. पण शेवटच्या वर्षी प्रत्येकाला ती चार पानं वाजवावी लागत, आणि तिसऱ्या पानाच्या शेवटी प्रत्येकाची करंगळी त्या पांढऱ्या पट्टीवर उतरे. लग्नात, निरोपसमारंभात, हॉटेलच्या लॉबीत, जिथे म्हणून बाईंचं माणूस पियानोला बसे, तिथे आजूबाजूच्यांना मध्येच थंडी वाजे.

बाईंना ही रचना त्यांच्या म्हाताऱ्या सरांनी शिकवली होती. त्या काळी छापील पुस्तकं सहज मिळत नसत. सर प्रत्येक शिष्यासाठी स्वतःच्या हाताने नक्कल करत, तपकिरी शाईत, मोत्यासारख्या अक्षरात. ती चार पानं बाईंच्या पियानोवर चाळीसहून जास्त वर्षं उभी होती. दुसरी प्रत आणायची बाईंना कधी गरजच वाटली नाही. आईचा चेहरा ओळखायला कोणी ओळखपत्र मागत नाही.

मग वकिलाने पुस्तक विकत आणलं.

वकील म्हणजे अठरा वर्षांची मुलगी. हे नाव बाईंनी तिला नऊ वर्षांपूर्वी, दुसऱ्याच तासाला दिलं होतं, जेव्हा तिने विचारलं की हळू म्हणजे किती हळू, आणि ते कोणी ठरवलं. तेव्हापासून तिने एकही गोष्ट पुराव्याशिवाय मान्य केली नव्हती, आणि मान्य केलेली एकही गोष्ट विसरली नव्हती. बाईंना एवढ्या वर्षांत अशी शिष्या मिळाली नव्हती, आणि हे त्या तिला मेल्या तरी सांगणार नव्हत्या.

आठ दिवसांनी तिची संगीत महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. पियानोला यंदा एकच विद्यार्थी घेणार होते. वयाची अट अशी की पुढच्या वर्षी तिला बसताच येणार नव्हतं. नाही मिळालं तर काकाच्या फरशांच्या दुकानात बसायचं आणि गिऱ्हाइकांना नमुने दाखवायचे, असं घरी ठरून गेलं होतं. काका भला माणूस होता. त्याने तिच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती, आणि त्या खुर्चीचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

परीक्षेला छापील प्रत सोबत आणावी असा नियम होता. म्हणून पुस्तक.

"बाई, इथे काळी आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या जागेवर."

बाईंनी पाहिलंसुद्धा नाही. "छापील चूक असेल. पुढे वाजव."

"तुम्हीच म्हणता, आधी कागद बघायचा, मग कान लावायचा, मग स्वतःची अक्कल चालवायची. मी अजून पहिल्या पायरीवर आहे. कागदावर फ्लॅटचं चिन्ह आहे. फ्लॅट म्हणजे सूर अर्धी पायरी खाली. खाली म्हणजे काळी."

"मला फ्लॅट म्हणजे काय ते सांगतेस?"

"मी रेकॉर्डवर आणतेय."

एवढ्यात आतल्या खोलीतून धाकटी आली. 'छापील चूक' हे शब्द तिच्या कानाला आगीच्या बंबाच्या घंटेसारखे लागत. तिच्या हातात भिंग होतं. "कोण म्हणालं छापील चूक? प्रकाशक कोण? आवृत्ती कितवी?"

"तू आत जा," बाई म्हणाल्या.

"ताई, माझ्यासमोर छापखान्यावर आळ घ्यायचा नाही."

तिने पुस्तक ओढून घेतलं, भिंग धरलं आणि त्या एवढ्याशा, एका बाजूने पोट सुटलेल्या चिन्हाकडे बराच वेळ पाहिलं. मग चपला घालून बाहेर पडली. तासाभराने परतली ती त्याच रचनेच्या आणखी दोन वेगवेगळ्या आवृत्त्या घेऊन. दुकानदाराने विचारलं होतं, एकाच रचनेच्या दोन-दोन प्रती कशाला. ही म्हणाली होती, साक्षीदार लागतात.

तिन्ही आवृत्त्यांत चिन्ह होतं.

मग धाकटीने सरांची तपकिरी शाईची प्रत उचलली. एवढ्या वर्षांत तिने त्या कागदांना पहिल्यांदाच हात लावला. बाईंना ते आवडलं नाही. धाकटी तिसऱ्या पानाच्या तळाशी आली, आणि जे म्हणाली ते अगदी हळू म्हणाली. माणूस गेल्यावर डॉक्टर बोलतात तसं.

"ओळ बदलताना सुटलंय. वरच्या ओळीच्या टोकाला हात थांबलेला दिसतो बघ, शाई जाड झालीय. बेल वाजली असेल, कोणी हाक मारली असेल. परत येऊन नवी ओळ सुरू केली, आणि चिन्ह राहिलं. ओळ बदलतानाच सुटतं नेहमी. माझं आख्खं पोट त्याच्यावर चाललं."

"सर चुकणारे नव्हते," बाई म्हणाल्या.

"कोणीच नसतं ताई. ओळ बदलेपर्यंत."

वकील खाली मान घालून बसली होती. खटला जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता. ती म्हणाली, "मग मी कुठली वाजवू?"

"उद्या सांगते," बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्यांनी शिष्याला 'उद्या सांगते' असं पहिल्यांदाच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी भाजी आणायला गेल्यावर बाईंनी काळी वाजवून पाहिली. तिसरं पान, शेवटची ओळ, उजवा हात थांबला, करंगळी काळीवर. सूर आला आणि बसला. ना खिडकी, ना वारा. पुन्हा वाजवली. आठ वेळा वाजवली. आठही वेळा सूर गुपचूप आला, जागेवर बसला, आणि रचना पुढे गेली. बाईंना आपल्याच घरात आपली खुर्ची कोणी हलवून ठेवल्यासारखं झालं. मग त्यांनी एकदाच पांढरी वाजवली, आणि पाठीवर तोच जुना काटा आला.

आता विचार केला तर ही गंमतच होती. अकरा वर्षांत त्यांनी लाखो सूर वाजवले. ते सगळे बरोबर होते, आणि लोक ते सगळे विसरले. जो एक चुकला, तो भिंतीवर लावला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. बाईंनी चोरी केलीही नव्हती, तरी चांदणं होतंच. दुपारी वकील आली तेव्हा त्या तयार होत्या.

"पांढरीच वाजव."

"का?"

"ती जास्त चांगली आहे म्हणून."

"चांगली आहे, मान्य. लिहिलेली नाहीये."

"लिहिणारा असता तर त्यालाही आवडली असती."

"तो असता तर आपण त्यालाच विचारलं असतं. तो नाही म्हणून तर कागद बघतो ना?"

"तू माझ्याकडे शिकतेस की पुस्तकाकडे?" बाईंचा आवाज जरा चढला. "तिथे काळी वाजवलीस तर पहिला प्रश्न येईल, कोणाकडे शिकलीस."

"आणि पांढरी वाजवली तर?"

बाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. पांढरी वाजवली तरी प्रश्न तोच येणार होता. फरक एवढाच की तेव्हा उत्तर ऐकायला त्यांना बरं वाटणार होतं. म्हणजे आपलं नाव झाकायला आपण एका पोरीला फरशांच्या दुकानाच्या दारात उभं करतोय, हे त्यांना स्वतःच्याच आवाजात ऐकू आलं. बाईंचा कान तसा चांगला होता. जरा उशिराने का होईना, ऐकू येई.

त्यांनी पेन्सिल घेतली, सरांच्या प्रतीवर वाकल्या, आणि जिथे चिन्ह सुटलं होतं तिथे ते काढलं. त्या एवढ्याशा चिन्हाला जितका वेळ लागला तितक्यात चारही पानं वाजवून झाली असती.

"काळी वाजव," त्या म्हणाल्या. "वारा आला तो काय मी खिडकी उघडली म्हणून नव्हे. तावदान बसवायचं राहिलं होतं."

"पण बाई, तुमचे बाकीचे दोनशे जण?"

"ते मी बघते."

आतून धाकटी कागद घेऊन आली. तिने मसुदा करूनच ठेवला होता. शुद्धिपत्र: पान तीन, शेवटची ओळ, पांढरीऐवजी काळी वाजवावी. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

"आम्ही म्हणजे कोण?" बाईंनी विचारलं.

"छापखान्यात असंच लिहितात. म्हणजे कोणीच नसतं."

"परीक्षा होऊ दे," बाई म्हणाल्या. "मग बघू."

परीक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत होती. एका टोकाला पियानो, समोर टेबल, टेबलाशी तीन परीक्षक आणि पाण्याचे तीन ग्लास. मागे भिंतीला लागून शिक्षकांसाठी एक खुर्ची, आणि खुर्चीच्या वर पाटी: शिक्षकांनी परिक्षेदरम्यान बोलू नये.

तीन परीक्षकांपैकी दोघं बाईंचे जुने शिष्य होते. एक दाढीवाला, चोवीस वर्षांपूर्वीचा. दुसरी उंच बाई, एकोणीस वर्षांपूर्वीची, तेव्हाही उंचच. दोघंही आता याच महाविद्यालयात शिकवत. तिसरे अध्यक्ष, दुसऱ्या गावाहून आलेले, सहा वर्षांपूर्वी इथे रुजू झालेले, टक्कल आणि अतिशय सभ्य. आपली दोन मुलं परीक्षक आहेत हे बाईंना आठवडाभर माहीत होतं, आणि त्याचा त्यांना अभिमानच वाटला होता. त्याचा अर्थ काय ते लक्षात आलं तेव्हा वकिलाने पहिलं पान उलटलं होतं.

पाटीखाली बसून बाईंनी आयुष्यातली सगळ्यात लांब दोन पानं ऐकली. पोरगी सुंदर वाजवत होती. इतकं सुंदर की एरवी बाईंनी डोळे मिटले असते. आज त्या परीक्षकांकडे बघत होत्या. तिसरं पान सुरू झालं तशी दाढीवाल्याने नकळत कोटाची वरची गुंडी लावली. उंच बाईंनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. दोघंही त्या खिडकीची वाट बघत होते.

उजवा हात थांबला. करंगळी काळीवर गेली.

सूर आला, बसला. कोणाला थंडी वाजली नाही.

उंच बाईंनी डोळे उघडले. दाढीवाल्याचा हात गुंडीवरच राहिला. मग दोघांनी एकाच वेळी पेनं उचलली आणि एकाच वेळी काहीतरी लिहिलं. बाईंनी त्यांना ताल शिकवला होता, तो असा उपयोगी पडला.

या महाविद्यालयाची रीत अशी होती की शेरे विद्यार्थ्यासमोरच सांगायचे, म्हणजे मागून कुजबूज नको. दाढीवाल्याने घसा साफ केला.

"छान वाजवलंस. फार छान. पण तिसऱ्या पानाच्या शेवटी खालचा सूर चुकला."

"आणि तीच जागा," उंच बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "सगळी रचना तिथे उघडते. बाईंकडे शिकून ही जागा चुकते? मुद्दाम केलंस का काही?"

वकील गप्प बसली.

जिने नऊ वर्षांत एक 'हळू'सुद्धा पुराव्याशिवाय गिळला नव्हता, ती गप्प बसली. पुस्तक तिच्या समोर उघडं होतं. बोट ठेवलं असतं की काम झालं असतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. पण तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. हात मांडीवर ठेवून ती पट्ट्यांकडे बघत राहिली, आणि तिच्या मानेवरून बाईंना कळलं की ही पोरगी उद्यापासून फरशा दाखवेल, पण बोलणार नाही.

बाई उठल्या.

"बसा ना बाई," दाढीवाला अदबीने म्हणाला. "शिक्षकांनी बोलायचं नाही, पाटी आहे."

"पाटी वाचली मी. तिच्यात एक चूक आहे, पण ते माझ्या बहिणीचं खातं. माझं ऐका. तिने बरोबर वाजवलं. तिथे काळीच आहे. तुम्हा दोघांना मी चुकीचं शिकवलं."

दाढीवाला हसला, अगदी प्रेमाने.

"तुमची सवय गेली नाही बाई. लहानपणी माझा हात घसरला की तुम्ही म्हणायचात, पट्टी ओली होती. आताही तिच्यासाठी स्वतःवर ओढून घेताय."

"मी खरं सांगतेय."

"तेव्हाही असंच म्हणायचात."

"पुस्तक बघ. तिच्यासमोर आहे."

उंच बाईंनी पुस्तक पाहिलं. "हो, इथे फ्लॅट आहे. पण बाई, ही स्वस्तातली आवृत्ती. यांच्यात काय वाट्टेल ते असतं."

"घरी आणखी दोन आहेत."

"त्याही असल्याच असतील," दाढीवाला म्हणाला. "आपल्या ग्रंथालयात जुनी, मोठी, कापडी बांधणीची प्रत आहे. ती आणू. म्हणजे तुमचंही समाधान होईल."

ग्रंथपाल प्रत घेऊन आला. पुस्तक एवढं जाड की ते उघडल्यावर एक ग्लास टेबलाच्या कडेला सरकवावा लागला. तिसरं पान, शेवटची ओळ. तिथे फ्लॅटचं चिन्ह छापलेलं होतं. त्याच्यावर पेन्सिलने ठसठशीत काट मारली होती, आणि समासात लिहिलं होतं: छापील चूक. इथे पांढरी.

"बघा," दाढीवाला म्हणाला. "कोणीतरी जाणकाराने दुरुस्त केलंय."

उंच बाईंनी ते अक्षर जवळून पाहिलं. मग दाढीवाल्याकडे पाहिलं. "हे तुझं अक्षर आहे."

दाढीवाल्याने चष्मा लावला. "हो," तो म्हणाला. "पहिल्या वर्षाला असताना. मला वाटलं, मागून येणाऱ्यांची सोय."

बाईंनी हसू दाबलं. आता पुरावासुद्धा त्यांच्याच शाळेतून शिकून आला होता. दोनशे जणांनी आणखी काय काय दुरुस्त करून ठेवलं असेल, याचा हिशोब त्या मनात करू लागल्या. एका माणसाची बेल वाजली होती, आणि आता गावातलं ग्रंथालयही खोटी साक्ष देत होतं.

तेव्हा अध्यक्षांनी हळूच हात वर केला. अध्यक्ष असून त्यांनी हात वर केला, यावरून त्यांचा स्वभाव कळावा.

"मला एक सांगायचंय. मी ही रचना चाळीस वर्षं वाजवतो. तिथे काळीच आहे."

बाकी सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?" उंच बाईंनी विचारलं.

"पहिल्या वर्षी एकाने पांढरी वाजवली, मला वाटलं चुकला. दुसऱ्याने वाजवली. मग तुम्ही दोघांनी स्नेहसंमेलनात वाजवली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, इथली पद्धत असेल. नव्या माणसाने कसं विचारायचं? आणि मग इतका उशीर झाला की विचारणंच विचित्र दिसलं असतं." त्यांनी टकलावरून हात फिरवला. "घरी मी काळीच वाजवतो. दार लावून."

मग ते वकिलाकडे वळले. "बाळ, तिसरं पान पुन्हा वाजव. आणि आपण सगळे नुसतं ऐकू. पेनं नकोत."

वकिलाने वाजवलं. या वेळी बाई पाटीखाली नव्हत्या, टेबलाशी उभ्या होत्या. पान संपलं.

"काही होत नाही," दाढीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात लहान मुलाची निराशा होती. "मी खोटं नाही बोलत बाई. इतकी वर्षं तिथे काहीतरी व्हायचं."

"पुन्हा," उंच बाई म्हणाल्या. वकिलाने पुन्हा वाजवलं. उंच बाईंनी मान तिरकी केली. "होतं. पण आपण बघतोय तिथे नाही. त्याच्या आधी. उजवा हात काहीतरी विचारतो आणि थांबतो, बघ. हे त्याचं उत्तर आहे. आपण पांढरी वाजवायचो तेव्हा उत्तर द्यायचोच नाही. लोकांना थंडी वाजायची ती त्याची."

बाईंनी ते ऐकलं. आठ वेळा वाजवून जे त्यांना सापडलं नव्हतं, ते त्यांच्याच शिष्येला, त्यांच्याच दुसऱ्या शिष्येच्या हातून, तीनदा ऐकून सापडलं होतं. आत कुठेतरी टोचलं, खोटं कशाला सांगायचं. पण त्याच जागी जरा मोकळंही वाटलं. एकतीस वर्षं त्या मुलांना कान द्यायला शिकवत होत्या. म्हणजे सगळंच काही चुकीचं शिकवलं नव्हतं.

परीक्षकांनी त्या ओळीवरचा शेरा खोडला. दुपारी चार वाजता ग्रंथपालानेच निकालाचा कागद खालच्या फळ्यावर लावला. पियानोसाठी एकच नाव होतं आणि ते वकिलाचं होतं. ती कागदासमोर उभी राहिली. दोनदा वाचला, मग तिसऱ्यांदा, बोट ठेवून.

"काकांना खुर्ची परत करावी लागेल," ती म्हणाली.

"बोलली का नाहीस वर?" बाईंनी विचारलं. "पुस्तक तुझ्या हातात होतं."

"वकील आपल्या अशिलाविरुद्ध बोलत नाही."

बाईंनी तिच्या डोक्यावर टपली मारली. नऊ वर्षांतली ती पहिलीच, आणि बरीच हलकी.

त्या दोघी फाटकाशी पोचतात न पोचतात तोच मागून पावलं वाजली. दाढीवाला आणि उंच बाई. वर टेबलाशी बसलेली हीच का ती माणसं, असं वाटावं इतकी त्यांची तोंडं लहान झाली होती. दाढीवाल्याने उंच बाईंना कोपराने ढोसलं. त्यांनी त्याला उलट ढोसलं.

"बाई," शेवटी तोच म्हणाला, "आमचं काय?"

"तुमचं काय?"

"आमची करंगळी आपोआप पांढरीवर जाते. मी आत्ता वर रिकाम्या खोलीत वाजवून पाहिलं. डोकं काळी म्हणतं, हात ऐकत नाही."

"आणि मी तर साठ जणांना शिकवलंय," उंच बाई म्हणाल्या. "त्यांनी पुढे किती जणांना, देव जाणे."

"ते नंतर. आधी तुमचे हात," बाई म्हणाल्या. "सुरुवातीपासून बसावं लागेल. संथ. एकेक हात वेगळा. सहा महिने तरी."

"या वयात?" दाढीवाल्याने विचारलं.

"माझ्याही. मीही तुमच्याबरोबरच शिकणार आहे." बाईंनी पिशवीतून डायरी काढली आणि पानं चाळली. वेळापत्रक गच्च भरलेलं होतं. "गुरुवारी चार वाजता हिचा तास असतो. तो आता मोकळा होईल. तेव्हा या दोघं. नखं कापून."

"चालेल," दोघं एकदम म्हणाले. ताल अजूनही पक्का होता.

"थांबा," वकील म्हणाली. "गुरुवार माझा आहे. सत्र सुरू व्हायला दोन महिने आहेत. तोवर मी तास सोडलेला नाही."

दाढीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. दोन महिन्यांनी ही पोरगी त्याच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणार होती, आणि ते काय असेल याची त्याला आताच थोडीशी कल्पना आली असावी.

"मग आम्ही बाहेर बसून ऐकलं तर?" त्याने विचारलं.

वकिलाने विचार केला. "बसा," ती म्हणाली. "पण बेल एकदाच वाजवायची."